गंधशास्त्रांतील ‘अंबर’ : शब्द, वस्तु आणि काळनिर्णय

१

अलीकडे अत्तरांच्या व सुगंधी अर्कांच्या व्यापारांत ‘काष्ठ-अंबर’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मिश्रगंधांचा एक वर्ग फार लोकप्रिय झाला आहे. चंदन, देवदार, अगरु यांसारख्या काष्ठांचा कोरडा वास आणि त्याखालीं अंबराची म्हणून सांगितली जाणारी उबदार, किंचित् गोड व किंचित् खारट छटा, असें त्याचें थोडक्यांत स्वरूप आहे. व्यापाऱ्यानें आपल्या मालास कोणतें नांव द्यावें, हा या त्रैमासिकाच्या वाचकांचा प्रश्न नव्हे. परंतु हेंच नांव मागें नेऊन आपल्या प्राचीन गंधयुक्तींवर चिकटविण्याची आणि ‘आमच्याकडे हें वराहमिहिरापासून होतेंच’ असें म्हणण्याची जी प्रवृत्ति दिसते, तिची परीक्षा करणें मात्र आमचें काम आहे.

ही परीक्षा केवळ शब्दच्छल नव्हे. गंधशास्त्रावरील पोथ्यांत ग्रंथकर्त्याचा काळ क्वचितच सांपडतो. राजाचें नांव नाहीं, शक नाहीं, कित्येकदां कर्त्याचें नांवही नाहीं. अशा वेळीं काळनिर्णयाचें मुख्य साधन म्हणजे त्यांत आलेलीं द्रव्यांचीं नांवें. एक नांव चुकीचें वाचलें म्हणजे ग्रंथ दोन-तीन शतकें पुढें किंवा मागें सरकतो. सबब ‘अंबर’ या एका शब्दाचा छडा लावणें हें संशोधकास व संग्राहकास सारखेंच अगत्याचें आहे.

२

प्रथम ‘अंबर’ म्हटल्यानें किती निरनिराळ्या वस्तूंचा बोध होतो तें पाहूं. संस्कृतांत या शब्दाचे प्रसिद्ध अर्थ दोन, आकाश आणि वस्त्र. अमरकोशानें तेच दिले आहेत. ‘एक सुगंधी द्रव्य’ हा तिसरा अर्थ उत्तरकालीन कोशांतून येतो. कोशांत अर्थ आहे म्हणजे गंधकारांच्या प्रयोगांत तो होता असें मात्र सिद्ध होत नाहीं.

दुसरी वस्तु अरबी ‘अंबर’. हा तिमिंगिलाच्या एका जातीच्या आंतड्यांत तयार होणारा, मेणासारखा, करड्या रंगाचा पदार्थ होय. हा मासा माकुळासारखे प्राणी खातो. त्यांच्या चोंचींचा कठीण भाग पचत नाहीं, आणि त्याच्या भोंवतीं हा पदार्थ सांचत जातो. लोक यास माशाची वांती म्हणतात, परंतु तो बहुधा मलमार्गानें बाहेर पडतो असें प्राणिशास्त्रज्ञांचें मत आहे.

तिसरी वस्तु म्हणजे प्राचीन वृक्षांच्या राळेचा जमिनींत दगड होऊन बनलेला पिवळा मणि. संस्कृतांत यास तृणमणि म्हणतात, आणि मराठींतील केरबा हा शब्द फारशी ‘कहरुबा’ वरून आला आहे. दोन्ही नांवें एकाच गुणावरून पडलीं, कारण घांसला असतां हा मणि गवताची काडी ओढून घेतो. युरोपांत मात्र अरबी ‘अंबर’ हाच शब्द प्रथम करड्या समुद्रज पदार्थास व पुढें या पिवळ्या मण्यास लागला. दोहोंचें मूळ किनाऱ्यावर सांपडणें हें एवढेंच साम्य या घोटाळ्यास पुरलें. इंग्रजी ग्रंथ समोर ठेवून मराठींत लिहिणारा हा घोटाळा आपल्या भाषेंत आयता आणतो.

चवथा ‘अंबर’ हा पदार्थच नव्हे. युरोपीय गंधकारांनीं लाबदनाची राळ, लोबान आणि व्हॅनिला यांचें एक गोड मिश्रण बसविलें व त्यास अंबराचें नांव दिलें. १८७४ मध्यें व्हॅनिलाचा गंध देणारें द्रव्य कृत्रिम रीतीनें तयार झाल्यावर हें मिश्रण स्वस्त व सुलभ झालें. आजच्या अत्तराच्या कुपीवर ‘अंबर’ असें लिहिलेलें असतें तें बहुधा या चवथ्या अर्थानें, किंवा ज्याविषयीं पुढें बोलूं अशा एका पांचव्या अर्थानें. जुन्या पोथींतील ‘अंबर’ या दोहोंपैकीं कोणताही असूं शकत नाहीं.

३

आतां वराहमिहिराकडे वळूं. बृहत्संहितेंतील गंधयुक्तीचा अध्याय (७६ वा, कांहीं प्रतींत ७७ वा) सहाव्या शतकांतील असून त्यावर भटोत्पलाची दहाव्या शतकांतील टीका उपलब्ध आहे. यांत सोळा द्रव्यांतून चार चार निवडल्यास किती योग होतात याचें गणित असून तें १८२० असें बरोबर येतें. शिवाय सोळा घरांचा एक कच्छपुट दिला आहे. प्रत्येक घरांत एक द्रव्य व त्याचे भाग, अशी ती मांडणी आहे :

अगरु २, पत्र ३, तुरुष्क ५, शैलेय ८;
प्रियंगु ५, मुस्ता ८, रस म्हणजे बोळ २, केश म्हणजे वाळा ३;
स्पृक्का ४, त्वक् १, तगर ७, मांसी ६;
मलय म्हणजे चंदन ७, नख ६, श्रीवास ४, कुंदुरु १.

वाचकांनीं बेरीज करून पाहावी. आडव्या ओळी, उभ्या ओळी, दोन्ही कर्ण, सर्वत्र १८ भाग येतात. म्हणून या योगांस सर्वतोभद्र असें नांव आहे. पाठचिकित्सकास याचा एक मोठा उपयोग आहे तो सहसा कोणी सांगत नाहीं. लेखकाच्या हातून एका घरांतील अंक चुकला तर बेरीज ताबडतोब बिघडते, आणि शुद्ध अंक कोणता तें दुसऱ्या प्रतीवांचूनही सांगतां येतें. द्रव्यांच्या नांवांस असा पहारेकरी नाहीं. अंक सुरक्षित राहतात, नांवें सरकतात. गंधशास्त्रांतील सगळी अडचण या एका वाक्यांत आली.

कोष्टकाची चवथी ओळ पाहावी : चंदन सात, नख सहा, श्रीवास चार, कुंदुरु एक. चंदन हें काष्ठ, नख म्हणजे समुद्रांतील शंखवर्गीय प्राण्याच्या मुखावरील झांकण, श्रीवास ही सरल वृक्षाची राळ आणि कुंदुरु हा साळईचा डिंक. काष्ठ, समुद्रज प्राणिद्रव्य आणि राळ यांचा मेळ येथें पुरता जमला आहे. या योगांत नख, तगर व तुरुष्क मिसळावे, जाती, कापूर व कस्तूरी यांनीं त्यांस बोध द्यावा, आणि गूळ व नख यांचा धूप द्यावा, असें पुढें विधान आहे. आजचा गंधकार या मिश्रणास निःशंकपणें काष्ठ-अंबर म्हणेल. परंतु संपूर्ण कोष्टकांत अंबर नाहीं. अंबराचें जें कार्य, म्हणजे काष्ठाच्या कोरड्या वासास जडपणा व टिकाऊपणा देणें, तें येथें नख, तुरुष्क आणि कस्तूरी मिळून करतात.

यावरून आमचा पहिला निष्कर्ष असा कीं, मिश्रणाची कल्पना प्राचीन आहे, नांव प्राचीन नाहीं. कल्पनेच्या प्राचीनत्वावरून वस्तूचें प्राचीनत्व सिद्ध करणें म्हणजे घटावरून कुंभाराचें नांव सांगण्यासारखें आहे.

४

या विषयाची पायाशुद्ध मांडणी आपल्याकडे कोणी केली असेल तर ती कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं. भांडारकर प्राच्यविद्यासंशोधन मंदिराचे अभिरक्षक म्हणून त्यांनीं १९१९ पासून १९६१ पर्यंत काम केलें. १९४५ मध्यें त्यांनीं दोन अज्ञात ग्रंथांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. एक गंगाधरकृत गंधसार, आणि दुसरा गंधवाद, ज्यावर मराठी टीका आहे. दोन्ही ग्रंथ एकाच हस्तलिखितांत टिकून राहिले आहेत. पुढें १९८९ मध्यें रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनीं संपादिलेले हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत १७३ वें पुष्प म्हणून मराठी टीकेसह छापले गेले.

गंधसाराचीं प्रकरणें तीन : परिभाषा, प्रत्यक्ष योग आणि निघंटु. परिभाषेंत भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशा सहा क्रिया येतात. अग्निपुराणांत आठ क्रिया सांगितल्या आहेत, त्यांशीं हा भाग ताडून पाहण्यासारखा आहे. निघंटूंत द्रव्यांची वाटणी पत्र, पुष्प, फल, त्वक्, काष्ठ, मूल, निर्यास व जीव या क्रमानें केलेली असून त्यांची परीक्षाही दिली आहे. ही वाटणी लक्षांत ठेवण्याजोगी आहे. आपला गंधकार वासाच्या जातीवरून वर्ग पाडीत नाहीं, तो द्रव्य वनस्पतीच्या किंवा प्राण्याच्या कोणत्या अंगापासून निघालें तें विचारतो. काष्ठवर्ग निराळा, निर्यासवर्ग निराळा, जीववर्ग निराळा. तिन्ही एकत्र येतात ते योगांत, वर्गांत नव्हे. ‘काष्ठ-अंबर’ असा वर्ग त्याला समजलाच नसता.

गोडे यांनीं गंधवादाच्या मराठी टीकेचा काळ अजमासें इसवी सन १३५० ते १५५० असा मांडला. त्यांची पद्धत अशी कीं, प्रत्येक द्रव्याची व प्रत्येक शब्दाची कालानुक्रमानें साक्ष गोळा करावयाची आणि दोन्ही बाजूंनीं मर्यादा घालून मधला पट्टा दाखवावयाचा. अमुकच साल असा आव ते आणीत नाहींत. आमच्या मतें त्यांच्या लेखनाचा हा फार मोठा गुण आहे. तथापि या पद्धतीच्या दोन मर्यादा स्पष्ट बोलून दाखविल्या पाहिजेत.

पहिली ही कीं, टीकेंतील शब्दावरून ठरलेला काळ टीकेचा असतो, मूळाचा नसतो. मराठी टीकाकार आपल्या बाजारांत मिळणाऱ्या द्रव्याचें नांव लिहितो. मूळ संस्कृत श्लोक त्याच्या कित्येक शतकें आधींचा असूं शकेल. दोहोंस एकच काळ देणें म्हणजे जुन्या वाड्याचें वय नव्या कौलांवरून ठरविणें होय. दुसरी मर्यादा एकमेव प्रतीची. ताडून पाहण्यास दुसरी पोथी नसल्यामुळें एखादा यावनी शब्द मूळाचा, टीकेचा कीं नंतरच्या लेखकाच्या समासांतील टिपणाचा, हें छापील पुस्तकावरून कळत नाहीं. त्यासाठीं मूळ पत्रांकडेच गेलें पाहिजे.

गोडे यांनीं १९४९ मध्यें भारतांतील अंबराच्या इतिहासावर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला आणि त्याची व्याप्ति सुमारें ७०० ते १९०० अशी ठेविली. बाराशें वर्षांचा हा पट एका सूत्रांत ओवला म्हणजे तीन निराळ्या गोष्टी एकींत मिसळण्याचा संभव राहतो : किनाऱ्यावरील लोकांस वस्तु ठाऊक असणें, गंधकारानें ती मिश्रणांत वापरणें, आणि पंडितानें तिचें नांव संस्कृतांत लिहिणें. या तिहींचे काळ एक नाहींत. साक्षींचें वर्गीकरण याप्रमाणें केल्यास गोडे यांची सामग्री अधिकच मोलाची ठरते.

अलीकडच्या अभ्यासकांत जेम्स मॅकह्यू यांचा ‘सॅंडलवुड अँड कॅरियन’ हा २०१२ मधील ग्रंथ गंधविषयक संस्कृत वाङ्मयाचा समग्र विचार करतो. त्याच वर्षीं त्यांनीं जवादि मांजराच्या स्रावावर लिहिलेला लेख एका शब्दाचा माग कसा काढावा याचा उत्तम नमुना आहे. ‘जवादि’ हा शब्द अरबी ‘जबाद’ वरून आला. तो ज्या पोथींत आढळतो तिच्यावर पश्चिम समुद्रापलीकडच्या व्यापाराची छाप आहे, हें उघड होय. ‘अंबर’ शब्दाचा न्यायही याच रीतीनें केला पाहिजे.

५

रसरत्नसमुच्चयांत ‘अग्निजार’ नांवाचें एक द्रव्य आहे. समुद्रांतील अग्निनक्र नामक प्राण्याची जरायु लाटांबरोबर किनाऱ्यास येऊन उन्हांत वाळते, ती अग्निजार, असें तेथें वर्णन आहे. अनेक विद्वान् हें अंबरच समजतात, आणि वर्णन पाहतां तें मत टाकाऊ नाहीं. परंतु तेथें अग्निजार येतें तें औषध म्हणून, साधारण रसांच्या गणांत, वातादि दोषांवरील उपाय म्हणून. गंधयुक्तींत त्याचा प्रवेश झाला होता असें त्यावरून निघत नाहीं. वैद्याच्या पेटींतील वस्तु गांधिकाच्या दुकानांत होतीच, असें धरून चालणें हा तर्क नव्हे.

काष्ठ व अंबर यांचें खरें लग्न अरबी परंपरेंत लागलें. अगरु, अंबर व कस्तूरी यांच्या धूपास तिकडे ‘नद्द’ म्हणतात. कस्तूरी व अंबर यांच्या लेपास ‘गालिया’ असें नांव आहे. हे लोक आमच्या या किनाऱ्यास परके नव्हते. नागांवच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर असलेलें चौल हेंच अरबांचें सैमूर होय. हिजरी ३०४ मध्यें, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, मसूदी तेथें आला होता. त्या वेळीं शिलाहार झंझ राज्य करीत होता, आणि तेथें सुमारें दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचें मसूदीनें लिहून ठेविलें आहे. त्याच्याच ग्रंथांत अंबराचीही हकीकत आहे. तेव्हां दहाव्या शतकांत चौलच्या पेठेंत ‘अंबर’ हा शब्द उच्चारला जात असावा, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. परंतु पेठेंतील उच्चार आणि पोथींतील अक्षर यांमध्यें किती काळ गेला, तें पोथीच सांगूं शकेल.

यानंतरच्या साक्षी विपुल आहेत. १५६३ मध्यें गोव्यास छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या संवादांत अंबरावर एक संवाद असून अगरु, चंदन व लोबान यांवरही निरनिराळे संवाद आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल आईन-इ-अकबरींत बादशहाच्या सुगंधखात्याचें वर्णन करतो. दरबारांत अंबर व अगरु यांचा धूप नित्य चाले असें तो सांगतो, अर्गजासारख्या मिश्रणांचीं प्रमाणें देतो, आणि अगरुच्या चिफळ्यांपासून चोवा कसा पाडतात तेंही लिहितो. चोवा व अर्गजा हे शब्द आपल्या जुन्या दफ्तरांच्या वाचकांस परिचित आहेत. त्यांच्या मागें उभी असलेली मिश्रणें कोणतीं, तें या साक्षींवरून कळतें.

६

नांवें सरकतात असें वर म्हटलें, त्याचीं तीन उदाहरणें देतों, कारण तीं संग्राहकांच्या रोजच्या कामांतलीं आहेत.

‘ऊद’ हा अरबी शब्द मूळ लांकडाचा, आणि गंधाच्या प्रकरणीं अगरुचा वाचक आहे. मराठींत मात्र ऊद म्हणजे धुपांत टाकावयाची राळ. उदबत्तींतला ऊद तोच. शिवाय ऊद हें एका जलचर प्राण्याचेंही नांव आहे. म्हणून मराठी बाडांत ‘ऊद दोन तोळे’ असें आढळल्यास तें काष्ठ कीं राळ, हें लिहिणाऱ्याची भाषा व शेजारचीं द्रव्यें पाहून ठरवावें.

‘लोबान’ अरबींत कुंदुरुच्या जातीच्या डिंकाचें नांव. जावेकडून येणाऱ्या निराळ्या राळेस अरब ‘लुबान जावी’ म्हणत, आणि त्यावरूनच युरोपीय ‘बेंझोइन’ हा शब्द झाला. आपल्याकडे लोबान म्हणजे ही दुसरी राळ. एकच नांव दोन झाडांवर बसलें आहे.

‘तुरुष्क’ अथवा सिल्हक म्हणजे आपला शिलारस. ज्या झाडापासून पश्चिमेचा शिलारस निघतो त्याच्या वर्गास लिनीअसनें १७५३ मध्यें ‘लिक्विडांबर’ असें नांव दिलें, म्हणजे द्रवरूप अंबर. हें लॅटिन नांव पाहून कोणी तुरुष्काचें भाषांतर अंबर असें केलें तर वराहमिहिराच्या कोष्टकांत पांच भाग अंबर अकस्मात् उत्पन्न होईल! अशा रीतीनें तयार झालेल्या प्राचीनत्वाविषयींच आमचा आक्षेप आहे.

७

आधुनिक रसायनानें या वादावर वेगळाच प्रकाश टाकला आहे. अंबरांतून १८२० मध्यें पेलेतिये व काव्हांतू यांनीं ‘अंब्रेइन’ नांवाचें द्रव्य वेगळें केलें, आणि त्याची घटना १९४६ मध्यें निश्चित झाली. गंमत अशी कीं, अंब्रेइनला स्वतःला वास नाहीं. समुद्रावर हवा व ऊन लागून तें विघटित होतें, आणि त्यांतून सुगंधी द्रव्यें निघतात. किनाऱ्यावर उन्हांत वाळण्याचा रसग्रंथांतील तपशील येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं.

या सुगंधी द्रव्यांपैकीं मुख्य तें अंब्रॉक्साइड. १९५० च्या सुमारास तें प्रयोगशाळेंत तयार झालें, आणि आतां क्लॅरी सेज नामक वनस्पतींतील स्क्लेरिऑलपासून बनतें. १९७३ मध्यें ‘आयसो ई सुपर’ हें काष्ठगंधी कृत्रिम द्रव्य बाजारांत आलें. या व अशा द्रव्यांचा कोरडा, तीक्ष्ण वास हाच आजचा ‘काष्ठ-अंबर’, म्हणजे वर राखून ठेवलेला पांचवा अर्थ. त्यांत तिमिंगिलाचें अंबर नाहीं, आणि पुष्कळदां काष्ठही नाहीं. ज्या नांवाखालीं दोहोंपैकीं एकही वस्तु उरली नाहीं, त्या नांवानें सहाव्या शतकांतील चंदन, नख व श्रीवास यांस ओळखावें, हा उलटा न्याय झाला.

८

संग्राहकांस आमच्या कांहीं सूचना आहेत. अष्टागरांत व एकंदर कोंकणांत जुन्या घरांतून औषधांचीं, धुपांचीं व तेलांचीं बाडें निघतात. पोवाडे किंवा बखरी नाहींत म्हणून तीं बाजूस पडतात, आणि वाळवीच्या स्वाधीन होतात. असें बाड हातीं आल्यास द्रव्यांचीं नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. शेजारीं आपला अर्थ लिहूं नये, लिहिल्यास निराळ्या कागदावर लिहावा. प्रमाणें पलांत आहेत कीं तोळे-माशांत, हें नोंदवावें. जवादि, चोवा, अंबर, अर्गजा, गुलाब हे शब्द मूळ ओळींत आहेत कीं समासांत, आणि हस्ताक्षर एकच आहे कीं दोन, हें अवश्य सांगावें. एखादें कोष्टक असल्यास बेरीज करून पाहावी. गंधवादासारख्या एकट्या पोथीस साक्षीदार मिळण्याचा संभव असेल तर तो अशा बाडांतच आहे.

बाडाबरोबर एखाद्या डबींत ‘अंबर’ म्हणून कांहीं करडी वस्तु सांपडल्यास एक गोष्ट ध्यानांत असावी. तिमिंगिलाचें अंबर बाळगणें वा विकणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें निषिद्ध आहे. ती वस्तु वनखात्यास कळवावी, आणि संग्रहांत डबीवरची चिठ्ठी तेवढी जपावी. इतिहासाच्या दृष्टीनें डबींतील वस्तूहून त्या चिठ्ठीचें मोल अधिक आहे, कारण अमुक घरांत, अमुक काळीं, अमुक वस्तूस अंबर म्हणत, एवढें ती निःसंशय सांगते, आणि गंधशास्त्राच्या अभ्यासकास आज नेमक्या त्याच साक्षीची उणीव भासत आहे.